साईट ‘मेंटेनन्स’वर आहे म्हणजे नेमकं काय?



आपल्याकडे वसई-विरारला रविवारी कुठे जायचं ठरलं की घरातलं कुणी ना कुणी विचारतंच, “आज ब्लॉक कुठे आहे?” ही सवय आपल्या अंगात इतकी मुरली आहे की त्यात काही विशेष आहे असं वाटतच नाही. पण रेल्वेची ती सूचना एकदा नीट वाचून बघा. कोणत्या स्थानकापासून कोणत्या स्थानकापर्यंत, अप की डाऊन, जलद मार्गावर की धीम्या, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आणि त्या वेळात जलद गाड्या कुठून वळवणार. चार ओळींत सगळं. आपण वैतागतो, पण बारशाला वेळेवर पोहोचतो.

आता दुसरं चित्र. शेवटची तारीख उद्या आहे म्हणून रात्री साडेदहाला तुम्ही एखादं पोर्टल उघडता. पडद्यावर एक पिवळा त्रिकोण किंवा पाना-हातोड्याचं चित्र आणि खाली ‘साईट अंडर मेंटेनन्स’. बस्स. कधीपासून, कधीपर्यंत, कशासाठी, तोवर काय करायचं? काही नाही. आपण दर दहा मिनिटांनी पान ताजं करत बसतो आणि बाराला झोपतो.

या लेखात मला एक मत मांडायचं आहे. मेंटेनन्स मोड ही बंद दुकानाची पाटी नव्हे. ती दुरुस्ती करायची एक पद्धत आहे. आपल्या शाळांना, संस्थांना आणि कार्यालयांना तिची फक्त पाटीच माहीत आहे आणि त्या अज्ञानाची किंमत भलताच माणूस मोजतो. हे मला कसं कळलं ते आधी सांगते, कारण त्यात मीही शहाणी ठरले नव्हते.

आमच्या शाळेची एक अंतर्गत साईट आहे. अंतर्गत म्हणजे बाहेरच्या जगाला न दिसणारी, शाळेचा आयडी आणि पासवर्ड असेल त्यालाच उघडणारी. कंपन्यांत तिला इंट्रानेट म्हणतात. जे पालक सकाळची गाडी पकडून अंधेरी-बीकेसीला जातात ते रजेचा अर्ज, पगाराची स्लिप, ऑफिसची परिपत्रकं अशाच साईटवर बघतात. आमची त्याचीच धाकटी बहीण. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटवर आमच्याच एका संगणक शिक्षकांनी ती उभी केली, सर पुढे निवृत्त झाले आणि साईट आमच्या गळ्यात पडली. तिच्यावर वेळापत्रक असतं, ऑफ तास कुणाला लागलाय त्याची यादी असते, प्रश्नपेढ्या असतात, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी असतात. म्हणजे शाळेचं कपाटच म्हणा ना.

द्वितीय सत्र परीक्षेच्या आधीचा आठवडा होता. सोमवारी सकाळी मुख्य पान उघडलं की क्षणभर दिसायचं आणि टुणकन उडी मारून जायचं गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या फोटोंवर. परत उघडलं, परत स्नेहसंमेलन. कोळीनृत्यातल्या पाचवीच्या मुली हसतायत आणि आमचं वेळापत्रक गायब! पहिल्या तासाला स्टाफरूममध्ये हशा पिकला. मधल्या सुट्टीपर्यंत हसू मावळलं, कारण प्रश्नपत्रिका टाकायची मुदत बुधवारची होती आणि तिथे जायचा रस्ता आम्हां सगळ्यांना या मुख्य पानावरूनच ठाऊक होता. पान दुरुस्त करायचं तर ते आधी थांबायला हवं. ते थांबतच नव्हतं.

मग जे आपल्याकडे नेहमी होतं तेच झालं. शोध सुरू झाला, पण बिघाडाचा नाही, माणसाचा. शनिवारी शाळा सुटताना आमच्या एका तरुण शिक्षणसेविकेनं मुख्य पानावर सूचनांची चौकट लावली होती. शनिवारपर्यंत चालत होतं, सोमवारी बंद, मधे हात कुणाचा लागला? तिचा. झालं! मुख्याध्यापक सर म्हणाले, लेखी खुलासा घ्या. शिक्षणसेवक म्हणजे काय हे शिक्षक वाचकांना माहीतच आहे. तीन वर्षं मानधनावर काम. ते मानधनही २०२३ मध्ये वाढलं तेव्हा कुठे प्राथमिकला १६ हजार आणि माध्यमिकला १८ हजार झालं. तीन वर्षांनी कायम व्हायचं असताना फायलीत लागलेला एक खुलासा म्हणजे तिच्यासाठी किरकोळ कागद नव्हे. आणि कबूल करते, “हो, तिनेच काहीतरी केलं असणार,” असं स्टाफरूममध्ये मीसुद्धा म्हटलं होतं.

संध्याकाळपर्यंत दुसरा प्रस्ताव आला. साईट उडवा, नवीन बनवा. तोवर व्हॉट्सॲपवर काम चालवू.

सातवीतल्या एका मुलाचे वडील अंधेरीच्या एका कंपनीत अशाच साईट सांभाळायचं काम करतात. पालकसभेत कधीतरी बोलणं झालं होतं, म्हणून त्यांना फोन केला. ते नालासोपाऱ्याला घरी येत होते, गाडीत होते. मी सगळं सांगितल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, “मॅडम, कुणालाही काहीही डिलीट करू देऊ नका.” दुसरं वाक्य, “लॅपटॉप जवळ आहे का?”

त्यांनी सांगितलं ते असं. पानाच्या पत्त्याच्या अगदी शेवटी इंग्रजीत प्रश्नचिन्ह टाकायचं, मग ‘कंटेंट्स’ हा शब्द, मग बरोबरचं चिन्ह आणि १ हा आकडा. एंटर. इथे भाईंदरची खाडी आली आणि फोन तुटला. पण माझ्यासमोर पान उघडलं होतं आणि ते उडी मारत नव्हतं! फोटो नाहीत, रंग नाहीत, नुसता एक तक्ता. मुख्य पान ज्या चौकटींनी बनलंय त्या प्रत्येक चौकटीचं नाव, तिचा प्रकार, ती पानावर उघडी आहे की नाही आणि शेजारी खूण करायला जागा. या चौकटींना वेब पार्ट म्हणतात आणि या पानाला वेब पार्ट मेंटेनन्स पान. इथे चौकटी चालू होत नाहीत, फक्त त्यांची यादी दिसते. त्यामुळे बिघडलेली चौकटही इथे गप्प असते. शस्त्रक्रियेआधी भूल देतात ना, तसं. (शेअरपॉइंटची नव्या पद्धतीची पानं असतील तर शेवटी ‘मेंटेनन्समोड’, बरोबरचं चिन्ह आणि ‘ट्रू’ असं लिहितात. तिथेही चौकट न चालवता तिची माहिती दाखवतात. आमचं पान जुन्या पद्धतीचं होतं.) अर्थात हे करायला त्या पानात बदल करण्याचा अधिकार तुमच्या आयडीला हवा.

नायगाव गेल्यावर फोन परत लागला. मी उत्साहात म्हटलं, “शनिवारची ती चौकट पुसून टाकू का?” तर म्हणाले, “पुसू नका मॅडम, बंद करा. पुसलं की तिच्यातलं सगळं जातं. बंद केलेली परत आणता येते. आणि एका वेळी एकच. दोन एकदम बंद केल्यात तर कुणामुळे बिघडलं होतं ते आपल्याला कधीच कळणार नाही.”

हे ऐकून मी जरा गप्पच झाले. गेली इतकी वर्षं मी मुलांना विज्ञानाच्या प्रयोगात हेच सांगते. तीन कुंड्या घ्या, पाणी तेवढंच, माती तीच, फक्त ऊन बदला. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि आम्ही मोठी माणसं सोमवारभर काय करत होतो? एकही गोष्ट न तपासता निकाल लावून मोकळे.

यादीत ‘सूचना’ नावाच्या दोन चौकटी होत्या. पहिली बंद केली, मुख्य पान उघडलं, उडी कायम. ती परत चालू केली आणि दुसरी बंद केली. पान जागेवर थांबलं. वेळापत्रक, परिपत्रकं, सगळं जिथल्या तिथे. दुसऱ्या चौकटीत काय आहे ते बघितलं, तर आत चार ओळींचा कोड होता, पान उघडताच वाचणाऱ्याला स्नेहसंमेलनाच्या फोटोंवर नेणारा. तो कोड माझा होता. आदल्या वर्षी संमेलनाच्या आठवड्यात मी कुठूनतरी उचलून चिकटवला होता, काम झाल्यावर चौकट बंद केली आणि विसरून गेले. शनिवारी त्या मुलीनं आपली सूचना लावताना बंद चौकटींच्या साठ्यात ‘सूचना’ नावाची आणखी एक तयार चौकट पाहिली आणि तीही पानावर आणून ठेवली. आत काय आहे हे बाहेरून कळायला मार्गच नव्हता. नाव मीच दिलेलं, ‘सूचना’!

मंगळवारी सकाळी सरांना हे सांगितलं तेव्हा खुलासा मागणारं पत्र टाइप होऊन टेबलावर सहीसाठी पडलं होतं. ते तसंच राहिलं.

आता यातून माझं मत कसं बनलं ते सांगते. साईट बिघडली की आपल्या डोक्यात दोनच रस्ते येतात. एक, कुणीतरी तज्ज्ञ येईपर्यंत हात लावायचा नाही. दोन, सगळं पाडून नव्यानं बांधायचं. या दोन्हींच्या मधली जी जागा आहे, जिथे बिघडलेली वस्तू शांत करून तिचा एकेक भाग सोडवून बघता येतो, ती म्हणजे मेंटेनन्स मोड. विरारच्या कारशेडचं उदाहरण घ्या. लोकलचा एक रेक बिघडला तर तो कारशेडमध्ये नेतात. त्यासाठी चर्चगेटपासून विरारपर्यंतची लाईन बंद ठेवत नाहीत आणि मोटरमनला विचारत नाहीत की काल शेवटचा हात तुझा होता ना, मग लेखी दे.

आणि हो, कधी कधी पान एकट्या एखाद्या शिक्षकालाच वेडंवाकडं दिसतं, बाकी सगळ्यांना ठीक. तेव्हा “तुमचाच कॉम्प्युटर खराब” असं म्हणून आपण मोकळे होतो. पण शेअरपॉइंटच्या जुन्या पानांवर, परवानगी असेल तर, प्रत्येकाला स्वतःपुरते बदल करून ठेवता येतात. त्या मेंटेनन्स पानावर ‘रीसेट’ नावाचा पर्याय असतो, तो असे वैयक्तिक बदल काढून टाकतो. ज्येष्ठ शिक्षकांना “तुम्हाला जमत नाही” असं ऐकवण्याआधी एवढं तरी बघावं.

आता बाहेरच्या पाटीबद्दल. दुरुस्ती करणाऱ्याला आत शांतता हवी, हे मान्य. पण म्हणून बाहेरच्यांना अंधारात ठेवायलाच हवं असं नाही. शेअरपॉइंटवर साईट सरसकट बंद न करता ‘फक्त वाचा’ अवस्थेत ठेवता येते. बघता येतं, बदलता येत नाही. म्हणजे वेळापत्रक दिसत राहील, नवीन काही चढणार नाही. ही झाली जलद गाडी धीम्या मार्गावरून नेणं. अनेक महाविद्यालयं मूडल वापरतात, त्यात मेंटेनन्स मोड लावला की प्रशासकाला आत जाता येतं आणि बाकीच्यांना आपण लिहू तो निरोप दिसतो. निरोपाची जागा दिलेली असते हो! ती रिकामी सोडणारे आपणच. वर्डप्रेसवरच्या साईट अद्ययावत होताना आपोआप काही क्षण मेंटेनन्समध्ये जातात आणि काम मधेच अडकलं तरी दहा मिनिटांनंतर ती पाटी मानली जात नाही. त्या प्रणालीला कळतं की पाटी कायमची टांगायची वस्तू नाही. इतकंच काय, साईट तात्पुरती बंद आहे हे यंत्रांनी यंत्रांना सांगायचा ठरलेला क्रमांक आहे, ५०३, आणि त्याच्यासोबत ‘इतक्या वेळानं पुन्हा या’ असं कळवायचीही सोय आहे. यंत्राला वेळ सांगायची सोय आहे, माणसाला मात्र पिवळा त्रिकोण.

इथे एक फरक मला ठासून सांगावासा वाटतो. बंद पडणं वेगळं आणि बंद करणं वेगळं. जुलै २०१८ मध्ये आपल्याकडे पाणी भरलं, गाड्या थांबल्या, वीज गेली, मिठागरातली माणसं अडकली. त्याला कुणी मेगाब्लॉक म्हटलं नाही. साईटच्या बाबतीत मात्र दोन्हींवर एकच झाकण. १६ जुलै २०२१ ला दहावीचा निकाल लागला, दुपारी एकची वेळ दिलेली, आणि संकेतस्थळं तासन् तास उघडेनात. त्याच महिन्यात अकरावीच्या सीईटीची नोंदणी सुरू होऊन लगेच थांबली आणि २६ तारखेला पुन्हा उघडली. २०२५ मध्ये अकरावीचे ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच अख्ख्या राज्यात लागू झाले. २१ मेला नोंदणी सुरू व्हायची होती, साईट चालेना, शेवटी २६ मेपासून नव्यानं सुरुवात झाली. मुंबई महानगर क्षेत्रातल्या पालकांना ऑनलाइन प्रवेश आधीपासून माहीत, तरी त्यांची घालमेल चुकली नाही. लाखो मुलं एकाच वेळी आली तर साईटवर ताण येणारच, त्याबद्दल मी कुणाला फाशी द्या म्हणत नाही. पण बंद पडलं तर ‘बंद पडलंय’ म्हणा आणि पुढची वेळ सांगा. २०२५ मध्ये नवी तारीख जाहीर झाली तेव्हा पालकांचा जीव भांड्यात पडला तो साईट सुरू झाली म्हणून नव्हे, साईट तर तेव्हाही बंदच होती. तारीख कळली म्हणून.

आणखी एक मागणी. जितके तास साईट दुरुस्तीसाठी बंद, तितके तास मुदतीत आपोआप जमा व्हायला हवेत. त्यासाठी वेगळं विनंतीपत्र लागू नये. २०१५ पासून ‘सरल’, मग यू-डायस प्लस, शालार्थ अशा किती तरी ठिकाणी आपली माहिती जाते. विद्यार्थ्यांच्या आधार पडताळणीवर संचमान्यता, म्हणजे शाळेतली शिक्षकांची पदंच, ठरायला लागली. ज्या आकड्यावर कुणाची नोकरी राहणार की समायोजन होणार हे ठरतं, तो आकडा भरायच्या आदल्या रात्रीचा प्रत्येक तास मोलाचा असतो.

काही शिक्षक मित्र म्हणतील, मॅडम, आधीच ऑनलाइन कामांनी जीव नकोसा झालाय, त्यात आता साईट दुरुस्त करायचंही आम्हीच शिकायचं का? तुमचं बरोबर आहे. हे शिक्षकाचं काम नाही आणि प्रत्येक शाळेला तंत्र सांभाळणारा माणूस मिळायला हवा, या मागणीवर मी तुमच्याच बाजूला उभी आहे. पण तो माणूस येईपर्यंत साईट आपल्याच गळ्यात आहे. अर्धा तास शिकून जर एका सहकाऱ्याचा खुलासा वाचत असेल आणि तीन वर्षांच्या प्रश्नपेढ्या वाचत असतील, तर तो अर्धा तास मला परवडतो. मात्र हे दोघांनी शिकावं, एकानं नव्हे. एकालाच येत असेल तर तो निवृत्त झाला की काय होतं ते आम्ही बघितलंय.

पालकांनाही एक विनंती. तुमच्यापैकी कितीतरी जण ऑफिसात हे रोज करता. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर “साईट बंद का?” विचारण्याआधी एकदा “मी बघू का?” विचारून बघा. अधिकार लगेच मिळतील असं नाही, मिळूही नयेत, साईटवर मुलांची माहिती असते. पण फोनवर वाट दाखवायला अधिकार लागत नाहीत. त्या वडिलांनी आमच्या साईटला स्वतः बोटही लावलं नाही.

आमच्याकडे आता एक साधी वही ठेवली आहे. मुख्य पानात बदल केला की तारीख, कोणती चौकट, काय बदललं आणि सही. चौकटीचं नाव नुसतं ‘सूचना’ द्यायचं नाही, ‘सूचना – स्नेहसंमेलन – अमुक वर्ष’ असं पूर्ण द्यायचं. काम संपलेल्या चौकटी बंद करून साठवायच्या नाहीत, आतला मजकूर दुसरीकडे उतरवून घेऊन मग त्या काढून टाकायच्या. चुकून कुणी अख्खी फाइल उडवली तर शेअरपॉइंटच्या कचरापेटीत ती ९३ दिवस राहते, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. दुरुस्ती शनिवारीच, सकाळची शाळा सुटल्यावर.

साईटचा कारभार आता ती शिक्षणसेविका आणि मी असा दोघींकडे आहे. गेल्या शनिवारची सूचना तिनं लिहिली आणि शुक्रवारी दुपारीच लावली: ‘उद्या दुपारी १२.३० ते २.०० या वेळात मुख्य पानावरील परिपत्रक विभागाची दुरुस्ती आहे. वेळापत्रक व प्रश्नपेढी पाहता येईल, नवीन फाइल टाकता येणार नाही. तातडीची फाइल असल्यास कार्यालयात पेन ड्राइव्हवर द्यावी.’ काम पावणेदोनलाच संपलं. सूचना काढायची मात्र आम्ही दोघी विसरलो, ती सोमवारी मावशींनी आठवण केल्यावर काढली.